चारशे सतरा नंबरचा जबडा

सहा म्हाताऱ्यांचे जबडे मी एका फटक्यात फोडले, ही गोष्ट खरी आहे. पण लोक सांगतात तशी नाही. जबडे प्लास्टरचे होते. म्हातारे आपापल्या घरी सुखरूप होते, आणि त्यांना झालेला एकूण त्रास म्हणजे पुन्हा एकदा डॉक्टरच्या खुर्चीत बसून तोंडभर गुलाबी लगदा चावून धरायचा. पण आमच्या मालकांनी ती हकीकत अशी काही तिखटमीठ लावून सांगितली, की समोरच्या दुकानातली बाई दोन आठवडे मला बघितलं की तोंडावर हात ठेवायची.

मी दात बनवते. कवळ्या, कॅपा, पुढचे, मागचे, जे लागेल ते. एकोणीस वर्षं हेच करते आहे, आणि पुढचे दात माझ्यासारखे या गावात कोणी करत नाही. हे मी नाही म्हणत, मालक म्हणतात, आणि मालक कौतुकाच्या बाबतीत फार कंजूष आहेत. डॉक्टरांकडून ठसा येतो, त्यात आम्ही प्लास्टर ओततो, की झाला माणसाचा जबडा तयार. त्याच्याबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर नंबर, वय, बाई की पुरुष, काय बनवायचं, बस्स. नाव नाही. मालकांचा नियम आहे, कोणाचं तोंड ते विचारायचं नाही. गाव लहान, आणि आमच्या लॅबमधल्या माणसांची तोंडं मोठी.

तर त्या सहा जबड्यांचं असं झालं. मालकांनी नुकताच एक नवा माणूस ठेवला होता. टक्कल पडलेला, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, दुसऱ्या लॅबमधून आलेला. आम्ही त्याला टकलू म्हणतो, तो स्वतःही म्हणतो. एके सकाळी मी येऊन बघते तर हा पठ्ठ्या माझ्या टेबलावर बसून पुढचे दात लावतोय. माझे पुढचे दात. माझ्या चिमट्याने. कानामागून आला आणि तिखट झाला. मी कोणाला एका शब्दाने विचारलं नाही. चप्पल काढून ठेवेपर्यंत माझ्या डोक्यात सगळं पार पडलं होतं. मला काढणार आहेत, सगळ्यांना माहीत आहे, काल चहाला हे सगळे यावरच हसत होते, आणि एकोणीस वर्षं मी इथे झक मारली. समोर ट्रे होता. तो मी भिंतीवर मारला.

माझ्या अंगठ्याला कापलेलं होतं, तीन दिवस पट्टी होती, आणि नंतर कळलं की मालकांनी टकलूला सांगितलं होतं की तिचा अंगठा बरा होईपर्यंत तू कर. मला ते चहा झाल्यावर सांगणार होते. चहा व्हायच्या आत जबडे झाले.

मालकांनी शांतपणे झाडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, बारा वेळा समुपदेशकाकडे जायचं, तिची चिठ्ठी आणायची, नाहीतर उद्यापासून यायचं नाही. मी म्हटलं मी काय वेडी आहे का. ते म्हणाले ते मला माहीत नाही, पण प्लास्टर महाग झालंय.

समुपदेशक बाईचं नाव मी हम्मबाई ठेवलं, कारण ती बोलण्यापेक्षा हम्म जास्त करायची. तिच्या खोलीत दोन खुर्च्या, एक घड्याळ आणि कागदी रुमालांचा एक खोका. तो खोका बरोबर माझ्या हाताशी ठेवलेला, म्हणजे मी आल्याबरोबर रडायला सुरुवात करावी अशी सोय. पहिल्या दिवशी तिने साठ प्रश्नांचा कागद भरायला दिला. कोणी आपल्याला सोडून जाईल अशी भीती वाटते का. आज देव वाटणारा माणूस उद्या राक्षस वाटतो का. आतून रिकामं वाटतं का. मी सगळीकडे हो लिहिलं आणि शेवटी खाली लिहिलं की असल्या प्रश्नांनी कोणालाही वाटेल.

दुसऱ्या खेपेला ती म्हणाली की माझ्या स्वभावात बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वाची लक्षणं दिसतात. मी म्हटलं, बॉर्डरवर आहे म्हणजे अजून आत आलेली नाही ना? ती म्हणाली हम्म. मग तिने बराच वेळ समजावलं. त्यातलं मला कळलं ते एवढंच, की माझा राग हा पहिला नसतो. त्याच्या आधी भीती येते, कोणीतरी टाकून जाणार याची. पण भीतीपेक्षा रागाचे पाय जोरात, म्हणून दारात आधी तो दिसतो. आणि समोरच्याच्या मनात काय चाललंय हे मला कळत नाही तेव्हा मी थांबत नाही, मी ते स्वतःच भरून काढते, आणि जे भरते ते नेहमी वाईट असतं. मी म्हटलं, दातांमधली फट भरायचं काम आहे माझं, सवय झाली असेल. त्यावर तिने हम्मसुद्धा केलं नाही.

आईचा विषय निघाला की मात्र तिच्या डोळ्यांत चमक यायची. मी चार वर्षांची असताना आई कामासाठी लांबच्या शहरात गेली आणि दोन वर्षं आली नाही. मी आणि ताई मावशीकडे राहिलो. ताई दहाची होती. ती मला रोज सांगायची की आई उद्या येईल. सातशे दिवस उद्या. मी हम्मबाईला म्हटलं, आली की परत, एवढं काय त्यात. तिने विचारलं, आली तेव्हा तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, तिच्या हाताला चावले. हम्मबाईने ते लिहून घेतलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

अभ्यासही द्यायची. कागदावर मधोमध रेघ मारायची, डावीकडे लिहायचं काय डोळ्यांनी पाहिलं, उजवीकडे लिहायचं काय मनाने जोडलं. मी अडतीस वर्षांची घोडी, आणि रेघा मारून घरचा अभ्यास करते. पण नोकरीचा प्रश्न होता, केला.

आता ताईबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. आई गेली त्याला आठ वर्षं झाली, म्हणजे यावेळी खरोखरची गेली, आणि तेव्हापासून आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. ताई पाणीपुरवठ्याच्या तक्रारींच्या फोनवर बसते. दिवसभर लोक तिला तिच्या खानदानापासून सुरुवात करून शिव्या घालतात, आणि ती लोण्यासारख्या आवाजात म्हणते की आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. आठ तास हे. मग घरी येते, तर घरी मी.

मी काय काय केलं ते सगळं सांगत नाही, माझीही काही अब्रू आहे. लॅबमध्ये मालक बोलले की वड्याचं तेल वांग्यावर, सगळं ताईवर निघायचं. तिला यायला अर्धा तास उशीर झाला की मी जिन्यात उभी. फोन उचलला नाही की मी पंधरा वेळा लावणार, आणि सोळाव्यांदा उचलला की तोंडाला येईल ते बोलणार. न्हाणीघराच्या दाराची खालची फळी माझ्या लाथेने गेली आहे. आणि तू पण आईसारखीच जाशील, मग आत्ताच जा ना, हे वाक्य मी तिला इतक्यांदा ऐकवलं असेल की ते तिला पाठ असणार. त्याच्यावरचं एक वाक्यही होतं माझ्याकडे, की मी मेले म्हणजे कळेल तुला. ते मी ठेवणीतलं म्हणून वापरायची. दुसऱ्या दिवशी मात्र मी तिचे कपडे इस्त्री करणार, पाय चेपणार, तू माझा देव आहेस म्हणणार.

ताई कधी ओरडली नाही. फुटलेलं उचलायची आणि म्हणायची, सरक, काच लागेल. मला त्याचाच जास्त राग यायचा. मला वाटायचं ही मला भांडायच्याही लायकीची समजत नाही.

माझ्या आठव्या खेपेच्या सुमारास घरात काहीतरी शिजायला लागलं. ताई दर मंगळवारी उशिरा यायला लागली. फोन आला की गॅलरीत जायची. आणि एक दिवस तिच्या चाव्यांच्या जुडग्यात मला एक नवी चावी दिसली. मी कागद घेतला, रेघ मारली. डावीकडे तीन ओळी झाल्या. उजवीकडे मी दोन पानं भरली आणि मागच्या बाजूला गेले.

मग मी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ही माझी जुनी पद्धत आहे. तीन दिवस ताईशी बोलले नाही, ती मनवायला येते का बघायला. ती आली नाही. चौथ्या दिवशी मीच तिच्या गळ्यात पडले. पाचव्या दिवशी तिचा फोन वाजला, ती गॅलरीकडे निघाली, आणि मी तो तिच्या हातातून ओढून फरशीवर आपटला. ठेवणीतलं वाक्यही बाहेर काढलं. ताईचा चेहरा एकदम कोरा झाला, कोणीतरी ओल्या फडक्याने पुसल्यासारखा. ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. सकाळी तिला तोंड उघडता येईना. गालाला गरम पाण्याची पिशवी लावून बसली होती. चहा बशीत ओतून ओठांच्या कोपऱ्यातून पीत होती. आणि मी काय म्हटलं असेल मनात? म्हटलं, माझ्याशी बोलायला नको म्हणून काय नाटकं करते बघ.

त्यानंतर दोन दिवसांनी चारशे सतरा नंबर आला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, बाई, चव्वेचाळीस, रात्री दातांवर घालायची पट्टी, तातडीने. झोपेत दात खाणाऱ्यांसाठी अशी पट्टी करतात, पारदर्शक, जाडसर. दातावर दात घासण्याऐवजी पट्टीवर घासतात, दात वाचतात. अशी दहा-बारा कामं महिन्याला असतात, त्यात नवीन काही नाही. पण मी प्लास्टर सुकल्यावर जबडा हातात घेतला आणि माझ्या तोंडून शिवी गेली. सुळ्यांची टोकं उडालेली. खालचे पुढचे दात एका रेषेत कापल्यासारखे. दाढांवर जे उंचवटे असतात, ज्यांनी आपण चावतो, ते पार सपाट, फरशी घासून काढावी तसे. चव्वेचाळिसाव्या वर्षी सत्तरीतलं तोंड. मला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत असं हम्मबाई म्हणते, पण तोंडाच्या आतलं मी वाचते. हे काही महिन्या दोन महिन्यांचं काम नव्हतं. ही बाई वर्षानुवर्षं रात्रभर काहीतरी चावत होती.

मी पॉलिशकाकांना हाक मारली. काका तीस वर्षं पॉलिशच्या मशीनवर आहेत, मशीनच्या आवाजाने त्यांना ऐकू कमी येतं, पण चहाड्या बरोबर ऐकू येतात. त्यांनी जबडा उजेडात धरला आणि म्हणाले, हिच्या घरी कोणीतरी आहे. टकलू म्हणाला, सासू असेल. मी म्हटलं, छे, सासूने एवढं होत नाही, हा नवरा आहे. आणि मग मी सुरूच झाले. म्हटलं, मला डोळ्यांसमोर दिसतोय तो मेला. घरात पाय टाकला की भांडी आपटणारा. ही बिचारी एक शब्द बोलत नसेल, गिळत असेल, आणि झोपली की सगळं दातांवर काढत असेल. असल्या माणसाला बायको मिळते तरी कशी? त्याला एकदा या लॅबमध्ये आणा, मी त्याचे सगळे दात उपटून मग नव्याने बसवीन, फुकट. टकलू खो खो हसला. मला जोर चढला. चिठ्ठीच्या मागे मी मधोमध रेघ मारली, हम्मबाईची शपथ घेऊन, डावीकडे लिहिलं, दाढा सपाट. उजवीकडे लिहिलं, घरात एक राक्षस आहे. काका म्हणाले, अगं काम कर आता.

म्हणून काम करायला जबडा टेबलावर ठेवला आणि एकेक दात बघायला लागले. वरच्या डाव्या बाजूला, शेवटून दुसरी दाढ, कॅप होती. प्लास्टरमध्येसुद्धा कॅप कळते, कडेला बारीक रेष असते. आणि त्या कॅपच्या आतल्या अंगाला, जिभेच्या बाजूला, एक तिरकी खाच होती.

ती खाच मी करते. अन्न अडकू नये म्हणून. दुसरं कोणी करत नाही, मालक म्हणतात उगाच वेळ जातो. मग मी मोजमापं बघितली, शेजारच्या दाताचा कल बघितला. ही कॅप मी नऊ वर्षांपूर्वी केली होती. चार वेळा केली होती, तीन माझ्या मनासारख्या झाल्या नाहीत म्हणून फेकल्या, कारण ती ताईसाठी होती. तिच्यावर मी पाच उंचवटे कोरले होते, खऱ्या दाढेपेक्षा देखणे. आता तिथे सपाट मैदान होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. सकाळपासून ज्या राक्षसाचे दात उपटायला निघाले होते, तो राक्षस माझ्याच स्टुलावर बसून चहा पीत होता.

आता इथे मला लगेच पश्चात्ताप झाला असं कोणाला वाटत असेल तर ते मला ओळखत नाहीत. मला पहिल्यांदा आला तो राग. माझ्या लॅबमध्ये? माझ्याच टेबलावर? मला दाखवायला मुद्दाम पाठवलंय हे, तोंडाने बोलायची हिंमत नाही म्हणून दात पाठवले. माझा हात जबड्यासकट वर गेला. पॉलिशकाकांनी आपला ट्रे उचलून मांडीवर घेतला. टकलूने आपला कप उचलला. मालक आतल्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. सगळी लॅब माझ्या हाताकडे बघत होती.

पण हातात ताईचं तोंड होतं. ते भिंतीवर कसं मारू? हात तसाच वर राहिला, मग दुखायला लागला, मग मी खाली घेतला. आणि तेव्हा जे आलं ते मला ओळखूच येईना. मानेपर्यंत गरम झालं, वाटलं या स्टुलासकट जमिनीत जावं. ती लाज होती. अडतीस वर्षांत ती मला नीट भेटलीच नव्हती, कारण ती येताना दिसली की मी आधी काहीतरी फोडायची. त्या दिवशी काही फोडलं नाही म्हणून ती आली आणि चांगली बैठक मारून बसली. काकांनी ट्रे खाली ठेवला, मला पाणी आणून दिलं आणि कोणाचा जबडा ते विचारलं नाही.

पट्टी मीच केली. मालक म्हणाले टकलूला दे, मी म्हटलं हात लावाल तर बघा, आणि मग म्हटलं, कृपा करून मला करू द्या. दुसरं वाक्य ऐकून ते घाबरले आणि निघून गेले. मेणाचा थर दिला, साच्यात घातलं, प्लॅस्टिक भरलं. दोन्ही जबडे एकमेकांवर मिटवून मध्ये निळा कागद धरून बघितलं, कुठे जास्त दाबतंय, कुठे कमी. जिथे निळा ठिपका गडद तिथे कणभर घासायचं, पुन्हा बघायचं. तिला जराही टोचायला नको होतं. पॉलिशसुद्धा मी केलं, काका रुसले. संध्याकाळ व्हायच्या आत पट्टी डबीत घातली. एकदा मनात आलं की घरी न्यावी आणि ताईसमोर टेबलावर आपटावी. पण ती मी डॉक्टरांकडे जाणाऱ्या खोक्यात ठेवली आणि घरी गेले.

ताई आली होती. गादीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी चपलाही काढल्या नाहीत.

"चारशे सतरा नंबर तूच ना?" मी म्हटलं.

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, "डॉक्टरांना सांगितलं होतं मी, दुसऱ्या कुठल्यातरी लॅबला पाठवा म्हणून."

म्हणजे मला दाखवायला नव्हे, माझ्यापासून लपवायला. मी उजव्या रकान्यात किती पानं भरली होती, आणि त्यात हे कुठेच नव्हतं. मी विचारलं, मंगळवारी डॉक्टरकडे जात होतीस का? ती म्हणाली हो. फोन त्यांचेच होते का? ती म्हणाली, काही त्यांचे. मी विचारलं, माझ्यामुळे होतं का हे? मला वाटलं ती नाही म्हणेल. ताई नेहमी नाहीच म्हणते, काही नाही गं, सोड गं, होतं असं. ती म्हणाली, "हो."

नुसतं हो. मग तिने चावीचंही सांगून टाकलं. दोन गल्ल्या सोडून एक खोली घेतली होती, एक तारखेपासून. बाकीचे फोन घरमालकिणीचे होते.

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. दिवसभराची लाज, निळा कागद, सगळं गेलं कुठल्या कुठे. मी दार सताड उघडलं आणि म्हटलं, जा. एक तारखेची कशाला वाट बघतेस, आत्ता जा, चावी आहे ना तुझ्याकडे. आणि परत तोंड दाखवू नकोस मला. जिन्यातून वरच्या मजल्यावरचे आजोबा भाजीची पिशवी घेऊन चढत होते. ते थांबले. मी एका हाताने दार धरून त्यांना म्हटलं, काय आजोबा, बरं आहे ना? ते म्हणाले बरं आहे, आणि गुडघेदुखी विसरून भराभर वर गेले.

"दार लाव," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण तो लोण्याचाही नव्हता. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "मी एक तारखेला जाणार आहे. आज नाही. आणि तू हाकललंस म्हणून नाही, मला झोप हवी आहे म्हणून."

मी दार लावलं. दाराला पाठ लावून तिथेच उभी राहिले. काय बोलायचं ते सगळं मला तोंडपाठ होतं, एकापेक्षा एक जहरी, आणि त्यातलं एकही वाक्य खरं नव्हतं. खरं होतं ते फार लहान होतं, चार वर्षांच्या पोरीच्या तोंडचं, आणि ते बोलायची मला इतकी लाज वाटली की मी फरशीकडे बघून बोलले.

"मला भीती वाटते गं ताई."

"मलाही वाटते," ताई म्हणाली. "तुझी."

ती रडायला लागली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. जवळ जावं की नको तेही मला कळेना, म्हणून मी विचारलं, जवळ येऊ का? ती नको म्हणाली. मी दाराशीच खाली बसले. ती गादीवर, मी चपलांच्या ढिगात.

एक तारखेला ती गेली. खोकी मी उचलली. जिन्यात कुकरवरून आमचं जुंपलं, तो तिचा की माझा, आणि तिने चक्क आवाज चढवून सांगितलं की कुकर तिचा आहे. मी दिला.

त्यानंतरचं फार कौतुकाने सांगण्यासारखं नाही. पहिल्या आठवड्यात मी तिला एका दिवसात बावीस फोन केले. तिने सांगितलं की रोज संध्याकाळी सात वाजता एक फोन उचलेन, बाकीचे नाही. मी सहा अठ्ठावन्नला लावून बघितला. नाही उचलला. ती दोन मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत. सातला उचलला. एकदा तिच्या खोलीखाली जाऊन उभी राहिले, शिव्या द्यायची सगळी तयारी करून, आणि खिडकीत वाळत घातलेले तिचे मोजे बघून परत आले. हम्मबाईला सांगितलं तर ती खूश झाली. मोजे बघून परत येण्यात खूश होण्यासारखं काय असतं ते तिलाच ठाऊक. बारा खेपा संपल्या, चिठ्ठी मिळाली, मालकांनी ती खणात टाकली. मी तेराव्यांदा गेले. मालकांना सांगितलं नाही.

रविवारी ताई येते. सकाळी येते, दुपारी जाते. तिसऱ्या महिन्यातल्या एका रविवारी ती खुर्चीत बसून चहा पीत होती, कपाने, ओठांच्या कोपऱ्यातून नव्हे. जरा भरल्यासारखी दिसत होती. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मी माझ्या कामाचं विचारलं, पट्टी नीट बसते का, कुठे घट्ट वाटत असेल तर दे, कणभर घासून आणते.

"घालतच नाही गं आता," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणाले गरज राहिली नाही. मी झोपेत दात खात नाही आता. पडले की सकाळ."

यात जोडायला काही नव्हतं. ताई माझ्याबरोबर होती तेव्हा तिचे दात झिजले, आणि मी नाही तर ती झोपते. मी जगातली सगळ्यात सुंदर पट्टी केली होती, आणि तिला बरं केलं ते त्या पट्टीने नाही, दोन गल्ल्यांनी. तो माझा जुना सोबती, राग, पायऱ्या चढून वर आला, धाडधाड. मग येतेस कशाला रविवारची, उपकार करायला? जा ना, झोप ना तिकडे. सगळं जिभेच्या टोकावर होतं. माझ्या हातात कप होता, आणि ताई त्या कपाकडे बघत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं, आणि जबड्याच्या कोपऱ्यात, कानाच्या खाली, एक शीर हलली. ती मला दिसली.

मी कप खाली ठेवला.

"बरं झालं," मी म्हटलं. एवढे दोन शब्द बाहेर यायला मला चांगलं मिनिटभर लागलं, आणि तेवढा वेळ ताई खुर्चीतून उठली नाही.